आई, आपलं नेरहाचं भांडण

आई,

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. समाचाराला येणारी माणसं आता कमी झालीत. पहिला आठवडाभर मात्र दाराला कडी लावायची वेळच आली नाही. येणारा माणूस सोफ्याच्या कडेला टेकायचा, पाण्याचा ग्लास हातात नुसता धरून ठेवायचा आणि हळूच विचारायचा, "कसं काय झालं हो?" मग अजित सांगायचा. ताप, खोकला, न्यूमोनिया, अकरा दिवस हॉस्पिटल. त्याचं ते इतकं पाठ झालं होतं की शेवटी शेवटी तो सांगताना खिडकीबाहेर बघायचा. त्यानंतर माणसं माझ्याकडे वळायची, आणि मी काहीतरी भलतंच बोलायला लागायचे. मी त्यांना स्पेनबद्दल सांगायचे.

तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंना मी म्हटलं, "आई समुद्रात गळ्यापर्यंत उभ्या राहायच्या. तासतासभर." काकूंनी माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि जाताना तुमच्या लेकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मीनलला जरा झोपू दे रे."

त्यांना वाटलं, मला भ्रम झालाय. त्यांना काय सांगणार? नीट सांगायचं तर आपलं भांडण सांगावं लागलं असतं, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. अजितलाही नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत, याची मला खात्री आहे. सांगितलं असतंत तर त्याने त्याच संध्याकाळी मला येऊन विचारलं असतं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. मीच ऐकवलं नाही.

खरं तर तिघांनी जायचं ठरलं होतं. निनाद नोकरीसाठी मालागाला गेल्यापासून "आजीला घेऊन या" म्हणून मागे लागला होता. त्याने तिथून तासाभरावरच्या नेरहा नावाच्या गावात समुद्राजवळ दहा दिवसांसाठी एक छोटं घर घेतलं. व्हिसे झाले, तुमचे नवे बूट आले, आणि निघायला चार दिवस असताना अजितच्या ऑफिसात काहीतरी निघालं. "तुम्ही दोघी जा ना," तो म्हणाला. "आम्ही दोघीच?" आपण एकदमच बोललो. तो हसला. आपल्याला काही हसू आलं नाही. इतक्या वर्षांत आपण सासू-सुना मिळून ठाण्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो, आणि ठाण्यालाही साड्या घ्यायला.

त्या गावाचं नाव तुमच्या तोंडात कधी बसलंच नाही. बिल्डिंगमध्ये तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "नेरळला चाललोय, स्पेनच्या." त्यातलं पुढचं अर्धं कुणी ऐकलं नाही. परत आल्यावर वॉचमनने विचारलं, "आजी, माथेरान पण केलं का?"

पहिल्याच दुपारी आपण गाव बघायला बाहेर पडलो. पांढरी घरं, अरुंद बोळ, भिंतींना अडकवलेल्या फुलांच्या कुंड्या, आणि जवळपास प्रत्येक बोळाच्या टोकाला समुद्राचा निळा तुकडा. दोन वाजले आणि एकामागून एक दुकानं बंद व्हायला लागली. रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही. तुम्ही माझा दंड धरलात.

"कोण गेलं गं इथलं?"

"कुणी नाही हो. झोपतात ही माणसं दुपारची. निनाद म्हणाला होता."

"सगळे?"

"सगळे. पाचपर्यंत."

"रोज?" तुम्ही बंद दारांकडे बघत राहिलात. "आणि तरी देश चाललाय?"

पहिले चार दिवस आपण एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागलो. तुम्ही नेलेला चहा, आलं, पोहे, मेतकूट सगळं तिथल्या इवल्याशा कपाटात लावलंत. सकाळी साडेपाचला उठून बसायचात. मग विचारायचात, "आज काय करायचंय?" मी म्हणायचे, "काही नाही." "काही नाही म्हणजे काय?" तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या भाड्याच्या घराच्या खिडक्यांच्या काचा पुसल्यात. मी पुस्तक उघडून एकाच पानावर बसून होते. मुलुंडच्या घरात आपल्या दोघींच्या मध्ये कायम काहीतरी असायचं. कुकर असायचा, इस्त्रीवाला असायचा, अजितची गोळी राहिलेली असायची. इथे मध्ये काहीच नव्हतं.

शनिवारी निनाद आला. मी दारातच उभी होते. बोळाच्या वळणावरून तो ओरडला, "आजी!" आणि माझ्या शेजारून आत गेला. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तुमचे हात पिठाचे होते; त्याने तुम्हाला उचलूनच घेतलं. मग तो मागे वळला आणि मलाही मिठी मारली. चांगली घट्ट मारली. पण दुसरी मारली. पंचावन्न वर्षांची बाई, पोरगा आधी कुणाला भेटला ते मोजत होते, आई. लाज वाटते सांगायला, पण मोजत होते.

दोन दिवस तो तुमच्याशी बोलत होता. तुम्ही त्याच्या डोक्याला तेल लावत होतात आणि तो खाली बसून सांगत होता, की त्याचा साहेब त्याला त्रास देतो, की त्याला ही नोकरी सोडावीशी वाटते. मला तो फोनवर दर रविवारी सांगायचा, "सगळं झकास." रविवारी दुपारी आपण त्याला बसवर सोडलं. परत येताना तुम्ही दमलात, म्हणून आपण त्या गावाच्या मधोमध समुद्रावर पुढे आलेल्या मोठ्या सज्ज्यावर बसलो. त्याला ते लोक युरोपचा सज्जा म्हणतात. खाली लाटा, समोर पाणीच पाणी, आजूबाजूला आइस्क्रीम खाणारी माणसं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो माझा मुलगा आहे."

तुम्ही समुद्राकडेच बघत होतात. "मग? मी कधी म्हटलं, माझा आहे?"

"म्हणायची गरजच काय? पळत तुमच्याकडेच जातो तो."

"तीन महिन्यांचा होता तेव्हा तू कामावर गेलीस. कुणाकडे पळत जाणार होता?"

मी कामावर गेले, हे खरं. भांडुपच्या औषधांच्या कारखान्यात मी तेव्हा लॅबमध्ये होते, आणि ते काम मला जिवापाड आवडायचं. पण मी त्याची सोय केली होती. मी तुम्हाला तेच म्हणाले, माझा आवाज चढलेला मला ऐकू येत होता. "शेजारच्या बिल्डिंगमधल्या जोशीबाईंचं पाळणाघर ठरवलं होतं मी. दुपटी, बाटल्या, झबली, सगळी पिशवी भरून ठेवली होती. सोमवारपासून तो जाणार होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत, मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. मला विचारलं नाहीत तुम्ही."

"तू नको म्हणाली नव्हतीस."

"नको म्हणायची सोय होती का? सगळे तुमच्या पाया पडायचे बाकी होते. केवढा त्याग, केवढा त्याग. मी नको म्हटलं असतं तर मी कोण ठरले असते?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "आणि मी नको म्हटलं असतं तर मी कोण ठरले असते?"

मला कळलंच नाही. "तुम्ही कुणाला नको म्हणणार? तुमचाच तर निर्णय होता."

"माझा?" तुम्ही हसलात. तसं हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "गुरुवारी सकाळी मी डबे भरत होते. तू बाळाला अंघोळ घालत होतीस. तुझे सासरे आत आले आणि म्हणाले, माझं नातवंड लोकांच्या घरात वाढणार असेल, तर या घरात मी जेवणार नाही. आणि डबा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला."

अण्णा. आपले शांत, सज्जन, कधी आवाज न चढवणारे अण्णा. सुनेला बसायला खुर्ची देणारे.

"सव्वीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी खात्यात डोक्याला हेडफोन लावून बसले मी," तुम्ही म्हणालात. "लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायची. सव्वीस वर्षांनी सुपरवायझरची खुर्ची मिळाली. पाच महिने बसले त्या खुर्चीत. पाच महिने, मीनल."

"मला कधी बोलला नाहीत हे."

"तुला? तू तोंड पाडून बसलेलीस. मला वाटायचं, मी एवढं सोडून आले आणि हिच्या तोंडून साधं 'बरं झालं' निघत नाही. यांच्यावर राग काढायची हिंमत नव्हती. बाळावर कोण काढेल? मग तुझ्यावर काढला. तुझ्या उशिरा येण्यावर, तुझ्या भाजीत मीठ कमी असण्यावर." तुम्ही थांबलात. "कळत होतं मला. कळत असून काढला."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. तुम्ही जे बोललात ते बोलायला माणसाला किती बळ लागतं, हे आज समजतं. पण माझ्या डोक्यात इतक्या वर्षांची भरलेली ती पिशवी होती, ती दुपटी आणि ती झबली. मी म्हटलं, "माझ्यावर राग काढलात ते ठीक. पण मग त्याला माझ्यापासून तोडलंत कशाला?"

तुम्ही अगदी हळू म्हणालात, "मला दुसरं काय उरलं होतं?"

मी उठले आणि चालू लागले. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला, परक्या देशात, भाषा येत नसताना, बाकावर एकटी सोडून. वीस मिनिटांनी भानावर येऊन धावत निघाले तर तुम्ही बोळातून हळूहळू येत होतात, भिंतीला हात लावत. "घर सापडलं मला," एवढंच म्हणालात. मी सॉरी म्हटलं नाही. भात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला गाढ झोप लागली. आदल्या रात्री डोळा लागला नव्हता. जाग आली तर तुम्ही घरात नव्हतात. पलंगावर चादर नीट घडी करून ठेवलेली, बूट गायब. फोन तुमचा टेबलावरच. त्या झोपलेल्या गावातून मी अनवाणीच धावत सुटले. सज्ज्यावर बघितलं, चर्चच्या पायऱ्यांवर बघितलं. विचारायला माणूस दिसेना. डोक्यात नको नको ते येत होतं, आणि त्या सगळ्यात वरचं हे होतं, की काल मी तुम्हाला सोडून आले आणि आज तुम्ही मला.

खालच्या किनाऱ्यावर तुम्ही सापडलात. तिथे एका जुन्या होडीत वाळू भरून तिच्यावर लाकडं पेटवतात आणि काठीला ओवलेली तारली मासळी त्या वाळूत उभी खोचून भाजतात. भाजणारा मोठ्या पोटाचा, पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ होता. तुम्ही त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सावलीला बसला होतात आणि त्याला मराठीत सांगत होतात.

"अरे, पोट साफ करत नाहीस का रे आधी? आणि हळद?"

तो मिशीतल्या मिशीत हसून "सी, सी" म्हणत मान डोलवत होता.

मला बघून तुम्ही म्हणालात, "नुसतं जाडं मीठ टाकतो गं हा. बाकी काही नाही. पण वास बघ कसा सुटलाय."

मी धापा टाकत होते. "न सांगता कशा आलात तुम्ही?"

"तू झोपली होतीस. तुला झोपेची गरज होती." मग तुम्ही पाण्याकडे बोट केलंत. पाण्यात चार म्हाताऱ्या उभ्या होत्या. पोहत नव्हत्या. गळ्यापर्यंत पाण्यात गोल करून उभ्या राहून मोठमोठ्याने गप्पा मारत होत्या, आपल्याकडे बायका जिन्यात उभ्या राहून मारतात तशा. एकीच्या डोक्यावर टोपी, दुसरीच्या डोळ्यांवर गॉगल. "तासाभरापासून बघतेय मी. मला आत जायचंय. एकटीला भीती वाटते. धरशील का?"

मी तुमचा हात धरला. दिवाळीला, संक्रांतीला मी तुमच्या पायांना हात लावलाय. आजारपणात कपाळाला लावलाय. पण हातात हात धरून आपण दोघी कधी चाललो नव्हतो. तुमचा पंजाबी ड्रेस, माझा कुर्ता, तसेच आपण आत शिरलो. तळाशी गोटे होते. गुडघाभर पाण्यात तुमचा पाय सरकला, तुमच्याबरोबर मी गेले, आणि आपण दोघींनी पाण्यात बसकण मारली. तुमची ओढणी तरंगत पुढे गेली. त्या चौघी ओरडत आल्या, दोघींनी तुम्हाला काखेत हात घालून उभं केलं, एकीने ओढणी पकडली. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. तुम्ही मात्र हसत होतात. दात काढून, पोरीसारख्या.

त्यानंतरचे तीन दिवस तुम्ही रोज त्या वेळेला गेलात. तुम्हाला त्यांनी गोलात घेतलं. त्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची, पाकी नावाची बाई तुमचा हात धरून ठेवायची. त्या स्पॅनिश बोलायच्या, तुम्ही मराठी. मी वाळूत बसून बघत असायचे. एकदा मी विचारलं, "काय बोलता हो एवढं?"

"पाकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, ती घाबरतेय. ती गॉगलवाली सुनेबद्दल बोलते. आणि टोपीवालीचा नवरा गेलाय अलीकडेच, तिला बोलू द्यायचं असतं."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचं काम केलंय मी सव्वीस वर्षं," तुम्ही म्हणालात.

तेव्हा मला ते दिसलं. तुमच्या कामाच्या जागी मी कधी आलेच नव्हते. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा तुम्ही चांगल्या नोकरीत होतात, रोज सकाळी पर्स लावून निघायचात. आणि तिथे तुम्ही कशा बसता, कुणाशी हसता, डब्यातलं कुणाला देता, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला तुम्ही फक्त घरातल्या माहीत होतात. त्या पाण्यात, चार बायकांच्या मध्ये, मान ताठ, आवाज स्वच्छ, मधूनच एखादीला हाताने थांबवून दुसरीला बोलायला लावणाऱ्या... ती सुपरवायझर होती. मी तिला पहिल्यांदा बघत होते.

सॉरी तेव्हाही म्हटलं नाही. तुम्हाला टॉवेल दिला.

मुलुंडला परत आल्यावर तुम्ही जाहीर केलंत, "दुपारी दोन ते पाच मला कुणी हाक मारायची नाही." अजितला काळजी वाटली. "आईला डिप्रेशन तर नाही ना आलं?" मी म्हटलं, "नाही. दार लाव." त्या बंद दाराआड तुम्ही झोपत नव्हतात, हे मला काही दिवसांनी कळलं. तुम्ही तुमच्या जुन्या मैत्रिणींना फोन लावत होतात. सगळ्यांचे नंबर तुम्हाला तोंडपाठ होते, एकही वहीत बघावा लागला नाही. आणि त्यातला एकही लागत नव्हता. ते घरचे फोन कधीच बंद झाले होते. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "बारा जणींचे लावले गं. बाराही जणी अस्तित्वात नाहीत म्हणते ती बाई."

मग मी शोधायला लागले. निनादने तिकडून मदत केली. बारा जणींतल्या एक शालिनीताई सापडल्या, चेंबूरला, मुलीकडे. मी तुम्हाला टॅक्सीने घेऊन गेले. तुम्ही दोघी चार तास बोललात. मी त्यांच्या मुलीबरोबर स्वयंपाकघरात बसून होते; बाहेरून हसण्याचे असे आवाज येत होते की तिची आणि माझी नजरानजर व्हायची. परतीच्या वाटेवर तुम्ही घाटकोपरच्या सिग्नलला म्हणालात, "माझ्यानंतर शालिनी बसली त्या खुर्चीत. सात वर्षं. छान सांभाळलं तिनं."

तुमच्या आवाजात कडवटपणा नव्हता. खरंच नव्हता. आणि मला वाटलं, आता बोलावं. म्हणावं, आई, मला माफ करा. म्हणावं, तुम्ही होतात म्हणून मी माझ्या कारखान्यात खुर्चीपर्यंत पोचले. माझ्या नावाची पाटी दाराला लागली तेव्हा घरात माझं पोर कुणाच्या मांडीवर होतं, हे मला ठाऊक होतं. सिग्नल सुटला. मी विचारलं, "एसी जास्त होतोय का?"

असं दोन वर्षं चाललं. आपण तशा बऱ्या झालो होतो एकमेकींशी. तुम्ही माझ्या भाजीला नावं ठेवायचात, पण आता ती खरंच भाजीबद्दल असायची. आणि मी उलटून बोलायचे. अजित म्हणायचा, "तुम्ही दोघी हल्ली फार भांडता." आपण त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही.

हॉस्पिटलमधला सहावा दिवस. सकाळची वेळ, डॉक्टर नुकतेच फिरून गेले होते. अजित औषधं आणायला खाली उतरला. तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण डोळे टक्क उघडे. मला वाटलं, आज नाही तर नाहीच.

"आई, त्या दिवशी नेरहाला मी जे..."

तुम्ही मास्क बाजूला केलात. "ते मिटवू नकोस."

"म्हणजे?"

"घरातलं सगळं सगळ्यांचं असतं." श्वास घ्यायला थांबलात. "तेवढं एक भांडण आपलं दोघींचं आहे. राहू दे."

सिस्टर ओरडत आली आणि तिने मास्क परत बसवला. त्यानंतर तुम्ही फार बोलला नाहीत. पाणी मागितलंत. निनाद निघाला का, विचारलंत. तो दहाव्या दिवशी पोचला, आणि तुम्ही त्याला ओळखलंत. त्याच्या केसांतून हात फिरवलात आणि नाक मुरडलंत, तेल नव्हतं म्हणून.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. तेराव्याला सगळे जमले होते. अजितचे मामा जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या ताईचा त्याग केवढा! नातवासाठी हसत हसत नोकरी सोडली." सगळ्यांनी माना हलवल्या. हे वाक्य या घरात मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की मीही सवयीने मान हलवली असती. पण मी म्हटलं, "त्यांना सोडायची नव्हती."

पंखा ऐकू यायला लागला. मामा म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे त्यांना नोकरी सोडायची नव्हती. त्या नुकत्याच सुपरवायझर झाल्या होत्या. त्यांना फार वाईट वाटलं होतं. जन्मभर वाटत होतं."

निनाद माझ्याकडे बघत होता. मग तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मला कधी बोलली नाही गं ती." मी म्हटलं, "तुला कशी बोलेल? तिला तू हवा होतास. दोन्ही खरं होतं." अजित दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलला, पण तो विषय त्याने काढला नाही. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे मात्र तो हल्ली जरा वेळ उभा राहून बघतो. अण्णांचं नाव मी घेतलेलं नाही. तेवढं तुमचं तुमच्यापाशी ठेवलंय.

भांडण मिटवायचं नाही म्हणालात, तर मी मिटवत नाही. पुढे चालवते. त्या बाकावरून मी उठून गेले तेव्हा माझं बोलणं अर्धं राहिलं होतं, ते आता ऐका.

मला विचारायला हवं होतं तुम्ही. त्या गुरुवारी सकाळी, मी बाळाला अंघोळ घालत असताना, डबे तसेच टाकून न्हाणीघराच्या दारात यायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, मीनल, हे असं म्हणतायत, मी काय करू? मी नको म्हटलं असतं, आई. मी ठाम नको म्हटलं असतं. अण्णा चार दिवस जेवले नसते, पाचव्या दिवशी जेवले असते. आपला निनाद सोमवारी जोशीबाईंकडे गेला असता, आठवडाभर रडला असता, मग रमला असता, आणि संध्याकाळी आपल्या दोघींतली जी आधी घरी पोचली असती तिच्याकडे पळत आला असता. आणि सकाळी सव्वाआठला, तुम्ही निवृत्त होईपर्यंतची आठ वर्षं, आपण दोघी आपापला डबा घेऊन एकदमच जिना उतरलो असतो.